माझ्या नावाची घंटा

हैदराबादेत कोठीच्या बाजारात सीताफळांच्या गाड्या लागल्या की माझं डोकं फिरतं. फळाचा काही दोष नाही. डोळे उघडलेली, हिरवी, खाली पाला अंथरून रचलेली सीताफळं कुणालाही आवडावीत अशीच असतात. बाबा दुकान बंद करून येताना पिशवीभर आणतात, घरी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात आणि मग येता-जाता डब्यात हात घालून एकेक दाबून बघतात. पिकलं का, पिकलं का. ते दाबणं बघितलं की मला कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतं. आमच्या युनिव्हर्सिटीतही याच दिवसांत बाहेरून माणसं यायची, आम्हाला एकेक करून दाबून बघायची आणि बरीचशी तशीच डब्यात ठेवून निघून जायची. त्याला प्लेसमेंट सीझन म्हणत.

युनिव्हर्सिटी हा शब्द तिला जरा मोठाच होता. रिंग रोडच्या पलीकडे, आजूबाजूला अजून प्लॉट पाडणं चालू असलेल्या माळावर काचेची एक इमारत, एक सेमिनार हॉल, पत्र्याचं कँटीन आणि पाय ठेवायला मनाई असलेला हिरवळीचा एक तुकडा. कॉलेजची पिवळी बस कोठीहून निघायची, अंबरपेठेत मला उचलायची आणि गावाबाहेर नेऊन ओतायची. एवढ्याशा जागेत कुणाचं काही लपत नसे. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं मोडलं, कोण कुठल्या विषयात अडकलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. मोठ्या कॉलेजात पडलेला माणूस गर्दीत मिसळून जात असेल. आमच्याकडे त्याला दुपारी त्याच कँटीनमध्ये, त्याच तोंडांसमोर जेवायला बसावं लागायचं, कारण दुसरं कँटीनच नव्हतं.

आमचं सुलतान बाजारात भांड्यांचं दुकान आहे. आजोबा भैंसा गावाकडची शेती भावावर सोपवून हैदराबादला आले आणि पितळेच्या भांड्यांत रमले. आमच्या लोकांत नाव घातल्याशिवाय भांडं कुणाला देत नाहीत. लग्नातली कळशी असो की बारशातली वाटी, देणाऱ्याचं नाव काठावर हवंच. बाबा गल्ल्यावर बसून, नाव घालायचं मशीन पेनासारखं धरून, टर्रर्र आवाज करत दिवसभर लोकांची नावं कोरत असतात. अक्षर सुंदर आहे त्यांचं. भांडं विकलं गेलं आणि त्यावर नाव घातलं नाही असं झालं तर त्यांना जेवण जात नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना पालकांच्या मीटिंगमध्ये प्लेसमेंट सरांनी जाहीर केलं, की मोठ्या कंपन्यांत असते तशी एक घंटा आता आपल्याकडेही लागणार. ज्याला नोकरी मिळेल त्याने ती वाजवायची. सगळे पालक माना डोलवत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून बाबा उभे राहिले.

"घंटी हमारे तरफ से, सर!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडं छानही वाटलं. लोक वळून वळून बघत होते.

पुढच्या आठवड्यात बाबा स्वतः घंटा घेऊन आले. वजनदार, पिवळीधमक, आवाज असा की कानात बराच वेळ रेंगाळावा. आणि तिच्या काठावर, गोल फिरवून, सुबक अक्षरांत कोरलेलं: कु. रेवती माणिकराव जगदाळे हिजकडून सप्रेम भेट. मी कपाळाला हात लावला.

"बाबा, माझं नाव कामून घातलं?"

"मग कुणाचं घालू? माझं? मी शिकायलोय का तिथं?" बाबा म्हणाले. "नावाचं भांडं चुकत नसतंय बघ. लग्नाच्या पंगतीत शंभर घरची ताटं एकात एक मिसळतात, तरी नाव घातलेलं ताट फिरून आपल्याच घरी येतंय. ही पण येईल तुझ्याकडं. तुझीच हाय."

ताटं परत येतात, टांगलेली घंटा जागची हलत नाही, एवढं साधं त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. आईचंही मत असंच की नाव आहे म्हणजे काम झाल्यात जमा आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या शिक्षणाचा एकच अर्थ उरला, रेवतीने ती घंटा वाजवायची.

सीझन सुरू झाला की कॉलेजचा वास बदलायचा. डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, कारण सगळ्यांचे ब्लेझर कपाटातून निघालेले. त्यात हेअर स्प्रे, झेरॉक्सचा गरम कागद आणि काखेत भिजलेलं पॉलिस्टर. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आणि आम्ही गडद निळ्या कोटांत वाफाळत बसलेलो. ज्यांच्याकडे कोट नव्हता त्यांनी मैत्रिणीचा घालायचा, पाठीमागून सेफ्टी पिनांनी आवळायचा आणि भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गेटबाहेर सीताफळांची एक गाडी उभी असे. आत जाण्याआधी कुणी खात नसे, हात चिकट होतात म्हणून. बाहेर आल्यावर मात्र नाकारलेली पोरं पायऱ्यांवर बसून खायची आणि काळ्या बिया जोर लावून लांब थुंकायची. त्या हिरवळीच्या तुकड्यावर सगळ्या बियाच बिया झाल्या होत्या.

एकदा नोकरी लागली की पुढच्या कंपनीला बसायचं नाही असा नियम होता. म्हणून हुशार पोरं लवकर लागावीत यासाठी बाकीचे देव पाण्यात घालून बसायचे. लोक एकमेकांची इतकी मनापासून भरभराट चिंतताना मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. "तू बस ना यार, तेरा तो पक्का है," असं ज्याला म्हणायचे त्याच्या पाठीवरचा हात जरा ढकलल्यासारखाच असायचा.

लेखी परीक्षेनंतर सेमिनार हॉलमध्ये निवडलेल्यांची नावं वाचत. ज्यांचं नाव आलं नाही त्यांनी उठून बाहेर जायचं. मागचं दार एसी वाया जातो म्हणून कुलूप लावून ठेवलेलं. म्हणजे जायचं पुढच्या दाराने, स्टेजसमोरून, बाटलीबंद पाणी पिणाऱ्या कंपनीच्या माणसांच्या समोरून. उठलं की खुर्चीची गादी आपोआप वर उडायची आणि फाटकन आवाज व्हायचा. एक फाट, दुसरी फाट, मग फाट फाट फाट. जो सगळ्यात उशिरा उठायचा त्याच्याकडे सगळा हॉल बघायचा. मी दुसऱ्या-तिसऱ्या कंपनीनंतर शिकले, की मधल्या गर्दीत उठावं.

आणि मग दुपारकडे कधीतरी घंटा वाजायची. वाजली की सगळ्यांनी वर्ग सोडून कॉरिडॉरमध्ये यायचं आणि टाळ्या वाजवायच्या, ही सरांची सक्त ताकीद. फोटोत गर्दी दिसली पाहिजे. न लागलेल्यांना पुढे उभं करत, कारण आम्हीच तेवढे ब्लेझरमध्ये असायचो आणि फोटो चांगला यायचा. कॉलेजच्या त्या फोटोंत मी जवळजवळ सगळीकडे आहे. दात दाखवून हसतेय, हात जोडायच्या बेतात असल्यासारखे थांबलेत, आणि डोक्यावर माझ्याच नावाची घंटा दुसरं कुणी वाजवतंय.

हैदराबादेत घंटा या शब्दावरून जे जे बोलता येतं ते सगळं पोरांनी बोलून घेतलं. "घर की घंटी, और घर में ईच नै बजी!" असं एकजण रोज म्हणायचा, रोज पहिल्यांदाच सुचल्यासारखा. मला त्याचा राग यायचा. अजून येतो. तो कुठे भेटला तर मी ओळख दाखवणार नाही.

फरहीन माझी मैत्रीण. बसमध्ये शेजारी बसणारी, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवून मग स्वतःचा डबा उघडणारी. ती दिवाळीच्या थोडं आधी लागली. घंटेखाली गेली, पण दोरी ओढायच्या आधी तिने दुसऱ्या हाताचा पंजा वर करून काठावरच्या माझ्या नावावर ठेवला, डोळे मिटले आणि मग वाजवली. नंतर कँटीनमध्ये माझ्यासमोर उस्मानिया बिस्किटांची बशी सरकवत म्हणाली, "बुरा नक्को मान, रेवती. अम्मी बोले, जिसका नाम है उसकू दुआ देको बजा. तेरा बी होता, देख तू."

तिने खरंच दुवा दिली असेल. पण बाकीच्यांनी त्यातलं एवढंच बघितलं, की हिने नावाला हात लावला आणि हिला नोकरी लागली. दुसऱ्या दिवसापासून इंटरव्ह्यूला जाणारे सगळेच माझ्या नावाला हात लावून जाऊ लागले. मी तिथेच बाकावर बसलेली असायचे. मला कुणी हात लावला नाही. उलट, मी रांगेत मागे उभी असले की पुढचा जरा सरकून उभा राहायचा.

एकदाच मी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचले. समोर तिघं होते. मधल्या माणसाने माझ्या अर्जावरचं नाव वाचलं, वर बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. "सो यू आर द बेल गर्ल!" मग उजवीकडच्या बाईंना त्याने बाहेरच्या घंटेची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, किती गोड! त्याने विचारलं, मग स्वतःची घंटा स्वतः वाजवून बघितलीस की नाही? तिघंही हसले. मीही हसले, कारण इंटरव्ह्यूत हसतमुख राहायचं असं आम्हाला शिकवलं होतं. मला विषयातलं त्यांनी फारसं काही विचारलंच नाही. गमतीतच सगळी वेळ संपली. जाताना तो म्हणाला, "ऑल द बेस्ट, बेल गर्ल."

संध्याकाळी अंबरपेठेत बस थांबायची तिथपासून घर जवळ आहे, पण मी लांबच्या गल्लीने जायचे. घरात शिरले की बाबा डब्यात हात घालून सीताफळं दाबत असायचे. वर न बघताच विचारायचे, "काय गं, वाजली का?"

"नाही."

"होईल की. नाव हाय त्याच्यावर."

हे रोज. एखाद्याला रोज गालावर हळूच चापट मारावी आणि मारणाऱ्याचं त्याच्यावर निस्सीम प्रेम असावं, तसं. सुलतान बाजारातल्या शेजारच्या दुकानदारांना, भैंसाच्या काकांना, ज्याच्या भांड्यावर नाव घालत त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबांनी सांगून ठेवलं होतं. पेढे कुठून घ्यायचे तेही ठरलं होतं.

सीताफळं संपली, बाजारात बोरं आली, सीझन विझत आला. तेव्हा एका धडधाकट पोराने लागल्याच्या आनंदात दोरी अशी हिसडली की घंटेचा लोलकच तुटून खाली पडला. सरांनी थेट बाबांना फोन लावला. "अंकल, बेल का अंदर का पीस गिर गया. एक बार आके देखते क्या?"

बाबा आले ते लग्नाला जावं तसे. पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात अवजारांची पिशवी. मी त्या दिवशीच्या कंपनीसाठी ब्लेझर घालून निकालाची वाट बघत कॉरिडॉरमध्येच होते. बाबा स्टुलावर चढले, नवा लोलक अडकवला, तार पिळली, रुमालाने घंटा पुसली. माझ्या नावावरून रुमाल दोनदा फिरवला. दुरुस्ती झालेली घंटा काकांना दाखवायची म्हणून फोन फरहीनच्या हातात दिला. "बेटा, वीडियो निकालो जरा." आणि आवाज बघायला दोरी ओढली.

वर्गांची दारं उघडली. सवयच होती. पोरं धावत बाहेर आली, टाळ्या सुरू झाल्या. "किसका हुआ? किसका हुआ?" मग त्यांना घंटेखाली माझे बाबा दिसले, शेजारी ब्लेझरमध्ये मी दिसले, आणि कुणीतरी ओरडलं, "रेवती का! अरे, रेवती का हो गया!" शिट्ट्या वाजल्या. ज्या कधी माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या त्या पोरी गळ्यात पडल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मला आजही सहन होत नाही.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "सांगा ना त्यांना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग गर्दीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला मान खाली घालावी लागली.

"वाजवू दे की," ते म्हणाले. "पोरं वाजवायलीत तर वाजवू दे." आणि त्यांनी पुन्हा दोरी ओढली.

सर केबिनमधून धावत आले. "अरे टेस्टिंग! टेस्टिंग था!" टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. आधी पुढच्यांच्या थांबल्या, मग मधल्यांच्या, आणि अगदी मागे एकजण बराच वेळ एकटाच वाजवत राहिला. मग कुणीतरी फुसकन हसलं आणि त्यावर सगळे हसले. मिनिटभरात कॉरिडॉर रिकामा झाला. बाबा स्टूल उचलून जागेवर ठेवत होते. त्या दिवसाच्या कंपनीचा निकाल तासाभराने लागला. माझं नाव त्यात नव्हतं आणि त्यानंतर त्या वर्षी दुसरी कंपनी आली नाही.

संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ आला. घंटा, घंटेवरचं नाव, टाळ्या, शिट्ट्या, मी. खाली बाबांनी लिहिलं होतं, रेवतीला नोकरी लागली, सर्वांच्या आशीर्वादाने. बाबांना फोनवरची अक्षरं मोठी करता येत नाहीत, मला बोलवावं लागतं. पण सर ओरडत येण्याआधीच तो व्हिडिओ नेमका कापणं त्यांना बरोबर जमलं. मी फोन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ते जेवत होते.

"आज ना उद्या लागणारच की तुला," ते ताटाकडे बघत म्हणाले. "थोडं आधी सांगितलं, एवढंच."

पेढे वाटले गेले. आईने मलाही दिला. मी खाल्ला.

हल्ली कुणालाही विचारा, घरूनच काम करतो म्हणतो, त्यामुळे हा बनाव फार सोपा गेला. मी दुकानाच्या माळ्यावर बसते. लॅपटॉप उघडा असतो. नातेवाइकांना सांगितलंय की घरी नेटवर्क नीट येत नाही म्हणून मी इथे बसून कंपनीचं काम करते. प्रत्यक्षात बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून नावं मीच घालते. चि. अमुक, सौ. तमुक, हिजकडून सप्रेम भेट. टर्रर्र. माझंही अक्षर बरं आहे. नोकऱ्यांसाठी मी पुढे अर्ज केले नाहीत असं नाही, पण नोकरी आहे असं जगाला सांगून झालेल्या घरात नोकरी शोधणं हे चोरून करायचं काम होऊन बसतं. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचं. हळूहळू फोन येणंही थांबलं. मला बाबांचा राग येतो, आणि ते गल्ल्यावर डुलकी घेताना दिसले की त्या रागाची लाज वाटते, आणि मग त्या लाजेचा पुन्हा राग येतो.

तो व्हिडिओ बघून भैंसाच्या काकांनी सायलीला, माझ्या धाकट्या चुलत बहिणीला, त्याच युनिव्हर्सिटीत घातलं. यंदा तिचं शेवटचं वर्ष आहे. हॉस्टेलवर राहते, रविवारी आमच्याकडे जेवायला येते. गेल्या रविवारी आली ती उतरलेलं तोंड घेऊनच. पिकलेलं सीताफळ मी फोडून तिच्यापुढे ठेवलं. ती खात नव्हती, नुसत्या बिया वेगळ्या करत होती.

"ताय, आपली घंटा बघितलीस का अलीकडं?" तिने विचारलं. "सगळी काळी पडलीय. तुझं नावच तेवढं चकचक करतंय. हात लावून लावून. सगळे लावतात, तेलुगू पोरं बी. त्यांना वाचता येत नाही, पण म्हणतात, ही अक्का एकदम लकी."

बाबा आतल्या खोलीत डब्यापाशी होते. त्यांच्या हाताखाली तांदळाचा आवाज येत होता.

"मी तर रोज लावते," सायली म्हणाली. "तरी होईना. पप्पा फोनवर काय म्हणतात माहितीय? रेवतीची घंटा वाजली, तुला कामून जमंना? तिचं तर नुसतं नाव बघून होतंय लोकांचं, तू तर तिची बहीण हाईस. परवा म्हणाले, तोंड दाखवू नको." तिने नाक पुसलं. "तुझं लगेच झालतं ना गं?"

"पहिल्या झटक्याला!" आतून बाबा म्हणाले.

एवढी वर्षं मी हे वाक्य ऐकत आले आहे. पण या पोरीच्या पाठीत माझ्या नावाचा रट्टा बसतोय हे मला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की जगात ती एकटीच मागे राहिली आहे. मला ते तिच्यावरून उतरवून टाकायचं होतं. निदान मला तरी तसंच वाटलं, की मी हे तिच्या भल्यासाठी बोलतेय.

"सायली," मी म्हटलं, "मी ती घंटा कधीच वाजवली नाही. मला नोकरी लागलीच नव्हती. त्या व्हिडिओत बाबा घंटा दुरुस्त करायला आले होते."

आतला तांदळाचा आवाज थांबला. सायलीने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, रोज सकाळी वर करून घंटेला लावायच्या त्या पंजाकडे. मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल, किंवा मला मिठी मारेल. तिने हात ओढणीला पुसला.

"ताय, उद्या माझा इंटरव्ह्यू हाय," ती म्हणाली. "एक दिवस थांबली असतीस."